पर्सी स्पेन्सर

पर्सी लेबॅरन स्पेन्सर (जन्म : १९ जुलै १८९४, हाउलंड, मेन, अमेरिका, मृत्यू : ८ सप्टेंबर १९७०) हे अमेरिकन अभियंते व संशोधक होते. मायक्रोवेव्ह ओव्हनचे (सूक्ष्मतरंग भट्टीचे) जनक म्हणून ते ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नलिकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. प्राथमिक शाळेचे शिक्षणही पूर्ण न झालेल्या स्पेन्सर यांनी त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व धातुशास्त्र हे विषय स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे (पेटंट) आहेत. १९९९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २९ वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत त्यांचा समावेश करण्यात आला.

जन्म व बालपण

स्पेन्सर यांचा जन्म मेन राज्यातील हाउलंड या लहान गावी झाला. हा प्रदेश घनदाट जंगलांचा असून लाकूड व कागद यांच्या गिरण्या हाच तेथील लोकांच्या उपजीविकेचा मुख्य आधार होता. स्पेन्सर सुमारे दीड वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात आईनेही त्यांना नातेवाइकांच्या स्वाधीन केले व ती निघून गेली. त्यांचे पालनपोषण एका नातेवाईक दांपत्याने केले. स्पेन्सर सात वर्षांचे असताना त्या घरातील कर्त्या पुरुषाचाही मृत्यू झाला. त्यामुळे सांभाळ करणाऱ्या बाईंचा व स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी त्यांना लहान वयातच शाळा सोडावी लागली.

वयाच्या १२ व्या वर्षापासून १६ व्या वर्षापर्यंत त्यांनी सुताची लाकडी रिळे तयार करणाऱ्या गिरणीत काम केले. तेथील कामाचे तास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असत. याच सुमारास जवळच्या एका कागद गिरणीत वीज येणार असल्याचे त्यांना समजले. त्या काळी मेनच्या ग्रामीण भागात वीज ही दुर्मीळ गोष्ट होती आणि तिच्याविषयी माहिती असणारे लोकही फार थोडे होते. मिळेल ते वाचून स्पेन्सर यांनी या विषयाची माहिती करून घेतली. गिरणीत विजेची जोडणी करण्यासाठी निवडलेल्या तीन जणांत त्यांचा समावेश झाला. विद्युत अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते; जे शिकले ते प्रत्यक्ष काम करताना व चुका दुरुस्त करताना शिकले.

नौदलातील सेवा

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हे जहाज उत्तर अटलांटिक महासागरात बुडाले. जहाजावरील बिनतारी संदेशवाहकांनी अखेरपर्यंत पाठवलेल्या संदेशांमुळे कार्पेथिया हे जहाज मदतीला पोहोचू शकले व सुमारे ७०० जणांचे प्राण वाचले. या घटनेच्या वृत्तांतांमुळे बिनतारी दळणवळणाविषयी स्पेन्सर यांच्या मनात ओढ निर्माण झाली. वयाच्या १८ व्या वर्षी ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले.

नौदलात त्यांनी बिनतारी यंत्रणेचे काम शिकून घेतले. रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी ते पाठ्यपुस्तके वाचत व त्यांतील गणिते सोडवत. उच्च गणिताचा व विज्ञानाचा त्यांचा सर्व अभ्यास या मार्गानेच झाला. ज्या वयात इतर तरुण महाविद्यालयातून बाहेर पडतात, त्या वयापर्यंत त्यांना रेडिओ तंत्राचे सखोल ज्ञान प्राप्त झाले होते. मात्र ते सिद्ध करणारे कोणतेही प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते. नौदल सोडल्यानंतर त्यांनी बॉस्टन परिसरात बिनतारी उपकरणे तयार करणाऱ्या उद्योगात नोकरी केली.

रेथिऑन कंपनीतील कारकीर्द

१९२२ मध्ये लॉरेन्स मार्शल, व्हॅनेव्हर बुश व चार्ल्स स्मिथ यांनी मॅसेच्युसेट्स राज्यात एक कंपनी स्थापन केली. १९२५ मध्ये तिला रेथिऑन हे नाव मिळाले. घरगुती रेडिओसंचाला लागणाऱ्या महागड्या बॅटऱ्यांची गरज दूर करणारी वायुभरित एकदिशकारक नलिका हे या कंपनीचे पहिले यशस्वी उत्पादन होते. १९२० च्या दशकात स्पेन्सर या कंपनीत दाखल झाले आणि उर्वरित सर्व कारकीर्द त्यांनी तेथेच व्यतीत केली.

निर्वात नलिकांची रचना व त्यांचे उत्पादन हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र होते. नलिका कागदावर उत्तम असली तरी कारखान्यात हजारोंच्या संख्येने सारखी तयार होईल की नाही, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा होता. धातू कसा कापला जातो, कसा जोडला जातो व तापल्यावर कसा वागतो याचे गिरणीतील दिवसांपासून मिळालेले ज्ञान त्यांना येथे उपयोगी पडले. १९३९ पर्यंत नलिकांच्या रचनेतील जगातील अग्रगण्य तज्ज्ञांत त्यांची गणना होऊ लागली होती. कंपनीच्या शक्तिनलिका विभागाचे ते प्रमुख झाले.

दुसरे महायुद्ध व मॅग्नेट्रॉन

फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी पोकळी मॅग्नेट्रॉन ही नलिका कार्यान्वित केली. तिच्यातून सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या तरंगांच्या रूपात त्या काळी अन्य कोणत्याही साधनाने न मिळणारी शक्ती मिळत असे. तरंगलांबी कमी असल्यामुळे रडारचा अँटेना लहान करता येई व तो विमानातही बसवता येई. शत्रूची विमाने व पाणबुड्या शोधण्याच्या कामात या नलिकेला मोठे महत्त्व होते. बाँबहल्ल्यांना तोंड देत असलेल्या ब्रिटनला तिचे आवश्यक तेवढे उत्पादन करणे शक्य नव्हते. म्हणून १९४० च्या शरद ऋतूत हेन्री टिझार्ड यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने ही नलिका गुप्तपणे अमेरिकेत नेली. मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रडारच्या संशोधनासाठी रेडिएशन लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा स्थापन करण्यात आली.

मॅग्नेट्रॉनच्या उत्पादनात मोठी अडचण होती. त्याचा धनाग्र तांब्याच्या अखंड ठोकळ्यातून अत्यंत काटेकोरपणे कोरून काढावा लागे. हे काम कुशल कारागिरालाही वेळखाऊ होते व लहानशा चुकीने संपूर्ण ठोकळा वाया जात असे. स्पेन्सर यांनी निराळा मार्ग शोधला. ठोकळा कोरण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून साच्याने चकत्या कापायच्या, त्यांच्यामध्ये डाखाचे पातळ थर ठेवून त्या एकमेकींवर रचायच्या आणि ही थप्पी सरकत्या पट्ट्यावरून भट्टीतून नेऊन एकजीव करायची, अशी ती पद्धत होती. या पद्धतीत कुशल कारागिराची जागा साध्या यंत्राला व अल्प प्रशिक्षित कामगाराला घेता आली.

या बदलामुळे रेथिऑनचे उत्पादन दिवसाला १७ नलिकांवरून २,६०० नलिकांपर्यंत पोहोचले. स्पेन्सर यांच्या विभागातील कर्मचाऱ्यांची संख्या १५ वरून ५,००० पर्यंत वाढली. युद्धापूर्वी मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत किरकोळ समजली जाणारी रेथिऑन ही मॅग्नेट्रॉनची प्रमुख उत्पादक बनली. या कामगिरीबद्दल अमेरिकेच्या नौदलाने स्पेन्सर यांना विशेष लोकसेवा पुरस्कार देऊन गौरवले.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध

१९४५ च्या सुमारास स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातील खाऊची वडी वितळली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. बहुतेक ठिकाणी ती चॉकलेटची वडी असल्याचा उल्लेख आढळतो. त्यांच्या नातवाने दिलेल्या माहितीनुसार ती शेंगदाण्याची वडी होती व खारींना खाऊ घालण्यासाठी ते ती जवळ बाळगत असत. चॉकलेटपेक्षा शेंगदाण्याच्या वडीला वितळण्यासाठी अधिक उष्णता लागत असल्याने हा तपशील घटनेचे महत्त्व वाढवणारा आहे.

उच्च वारंवारतेच्या तरंगांनी पदार्थ तापतात हे स्पेन्सर यांच्यापूर्वीही माहीत होते. १९३३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने लघुतरंग प्रक्षेपकाला जोडलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न शिजवून दाखवले होते. रडारवर काम करणाऱ्या इतर अनेकांनाही यंत्राजवळ उबेचा अनुभव येत असे. स्पेन्सर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या अनुभवाची पद्धतशीर परीक्षा घेतली. त्यांनी मक्याचे दाणे मागवून नलिकेजवळ ठेवले व त्यांच्या लाह्या फुटल्या. त्यानंतर एका किटलीला भोक पाडून तिच्यात अंडे ठेवले व तरंग आत सोडले. अंड्याच्या आतील भाग कवचापेक्षा लवकर तापल्याने आत वाफेचा दाब वाढून अंडे फुटले व डोकावून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले.

यानंतर त्यांनी धातूची बंद पेटी तयार करून तिच्यात मॅग्नेट्रॉनचे तरंग सोडले. धातूच्या भिंतींवरून तरंग परावर्तित होत असल्याने ते पेटीतच कोंडले जातात व अन्नात शोषले जातात. अन्नातील पाण्याचे रेणू विद्युतदृष्ट्या द्विध्रुवी असतात. वेगाने उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्राबरोबर ते फिरू पाहतात व त्यातून उष्णता निर्माण होते. तरंग अन्नात काही सेंटिमीटर खोलीपर्यंतच शिरतात. त्यापुढील भाग उष्णतेच्या नेहमीच्या वहनानेच शिजतो. त्यामुळे हे अन्न आतून बाहेर शिजते हा समज बरोबर नाही.

८ ऑक्टोबर १९४५ रोजी अन्नपदार्थांवर प्रक्रिया करण्याच्या पद्धतीसाठी एकस्वाचा अर्ज करण्यात आला व २४ जानेवारी १९५० रोजी अमेरिकेचे २४९५४२९ क्रमांकाचे एकस्व मंजूर झाले. पिशवीतील मक्याच्या लाह्या सूक्ष्मतरंगांनी तयार करण्याविषयीचे त्यांचे दुसरे एकस्व १९४९ मध्ये मंजूर झाले होते. ओव्हनच्या एकस्वाबद्दल स्पेन्सर यांना स्वामित्वधन मिळाले नाही. कंपनीच्या त्या वेळच्या प्रथेनुसार संशोधकाला प्रत्येक एकस्वामागे दिली जाणारी २ डॉलरची रक्कम तेवढी त्यांना मिळाली.

रेडारेंज

रेथिऑनने या भट्टीला रडार व रेंज (चूल) या शब्दांवरून रेडारेंज असे नाव दिले. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली रेडारेंज सुमारे १.८ मीटर उंच व सुमारे ३४० किलोग्रॅम वजनाची होती. तिची किंमत काही हजार डॉलर होती व मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी तिला पाण्याची नळजोडणी लागत असे. उपाहारगृहे, जहाजे व आगगाड्या यांच्याखेरीज तिला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. अणुशक्तीवर चालणाऱ्या सव्हाना या अमेरिकन व्यापारी जहाजाच्या स्वयंपाकघरातही रेडारेंज बसवण्यात आली होती.

१९५५ मध्ये टॅपन कंपनीने रेथिऑनच्या परवान्याखाली घरगुती वापराचा ओव्हन विक्रीस आणला. त्याची किंमत १,२९५ डॉलर होती व ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. १९६५ मध्ये रेथिऑनने शीतकपाटे तयार करणारी अमाना ही कंपनी विकत घेतली. जपानमध्ये विकसित झालेल्या लहान व स्वस्त मॅग्नेट्रॉनमुळे यंत्राचा आकार व खर्च कमी झाला. १९६७ मध्ये अमानाने ओट्यावर मावणारी रेडारेंज ४९५ डॉलर किमतीला बाजारात आणली. मूळ शोधानंतर सुमारे २२ वर्षांनी हा ओव्हन घराघरांत पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. त्या वेळी स्पेन्सर ७३ वर्षांचे होते.

वेळेवरील नियंत्रण व तापमान शलाका

स्पेन्सर यांच्या हयातीत तयार झालेल्या घरगुती ओव्हनांचे नियंत्रण घड्याळावर अवलंबून होते. साध्या भट्टीत प्रथम आतील हवा तापते व हवेचे तापमान मोजून ज्योत किंवा विजेचा तापक कमीजास्त करता येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये हवा जवळजवळ तापत नाही. तापते ते अन्नच. त्यामुळे पेटीच्या भिंतीवर तापमापक बसवून अन्नाच्या स्थितीचा अंदाज येत नाही. लागणारा वेळ मात्र पदार्थाचे वजन, आकार, त्यातील पाण्याचे प्रमाण व सुरुवातीचे तापमान यांनुसार बदलतो. शीतकपाटातून काढलेला व बाहेर ठेवलेला एकच पदार्थ सारख्या वेळात सारखा तापत नाही. पेटीतील स्थिर तरंगांमुळे काही जागी अन्न अधिक तापते व काही जागी थंड राहते, ही अडचण वेगळीच होती.

या उणिवेवर उपाय म्हणून १९७० च्या दशकात अनेक कंपन्यांच्या ओव्हनांत तापमान शलाका (टेम्परेचर प्रोब) देण्यात येऊ लागली. ही शलाका म्हणजे पोलादी टोकदार नळी असून तिच्या टोकात थर्मिस्टर हा लहान घटक असतो. तापमान वाढले की थर्मिस्टरचा विद्युतरोध ठरावीक प्रमाणात कमी होतो. शलाकेची तार पेटीच्या भिंतीतील खाचेत जोडली जाते. ओव्हनचे नियंत्रक मंडल हा रोध मोजते व ठरवलेले तापमान आले की मॅग्नेट्रॉन बंद करते किंवा अन्न त्याच तापमानाला राहील अशा बेताने तो मधूनमधून चालू करते.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये धातू ठेवू नये असा सर्वसाधारण नियम असताना ही धातूची शलाका चालते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. तिची नळी व तारेभोवतालचे धातूचे जाळीदार आवरण हे खाचेमार्फत ओव्हनच्या भिंतीशी जोडलेले असते. त्यामुळे तरंग आतील तारेपर्यंत पोहोचत नाहीत. जोडणी पूर्ण बसली नसेल, तर तीच तार अँटेनाप्रमाणे वागते व ठिणग्या पडतात. शलाका अन्नात न खुपसता पेटीत मोकळी सोडून ओव्हन चालवल्यासही ती खराब होते. साधा पाऱ्याचा तापमापक चालू ओव्हनमध्ये वापरता येत नाही, कारण पारा हाही धातू असून तो स्वतःच तापतो.

शलाकेचे टोक पदार्थाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्यावर असणे आवश्यक असते. मांसाच्या बाबतीत ते हाडाला किंवा चरबीच्या थराला लागल्यास चुकीचे तापमान नोंदले जाते. गोठलेल्या पदार्थात शलाका शिरत नसल्याने तो आधी वितळवून घ्यावा लागतो. रस्सा, दूध किंवा सूप यांत टोक भांड्याच्या मध्यावर, तळाला न टेकता ठेवतात व मध्ये एकदा द्रव ढवळतात. शलाका केवळ आपल्या टोकाजवळचे तापमान सांगते. दुसऱ्या बाजूचा थंड राहिलेला भाग तिला समजत नाही. शिवाय ओव्हन बंद झाल्यावरही उष्णता आत पसरत राहते. म्हणून काही मिनिटे थांबून दुसऱ्या एखाद्या जागी पुन्हा मोजणी करण्याची शिफारस केली जाते. कोंबडीचे मांस व पुन्हा गरम केलेले शिळे अन्न यांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने ७४ अंश सेल्सियस हे सुरक्षित किमान तापमान मानले आहे. भारतीय स्वयंपाकात विरजण लावण्यासाठी दूध साधारण ४० ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत कोमट करणे, हा अशा शलाकेचा साधा उपयोग ठरतो.

जुन्या ओव्हनांच्या शलाका एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. प्रत्येक उत्पादकाने वेगळ्या रोधाचा थर्मिस्टर व वेगळ्या मापाची जोडणी वापरली असल्याने, दुसऱ्या ओव्हनची शलाका बसली तरी तापमान चुकीचे दाखवले जाऊ शकते. जुन्या शलाकेची तपासणी ओव्हनबाहेर करता येते. गरम पाण्यात टोक बुडवून मल्टिमीटरने रोध मोजल्यास, पाणी निवत जाईल तसा तो सावकाश व सलग वाढला पाहिजे. तो एकाएकी उड्या घेत असेल, तर तार आतून तुटलेली असते व अशी शलाका वापरणे धोक्याचे असते. पुढील काळात अन्नातून निघणाऱ्या वाफेचा अंदाज घेणारे आर्द्रता संवेदक आले. तार जोडण्याची गरज नसल्याने ते लोकप्रिय झाले व बहुतेक घरगुती ओव्हनांतून शलाका हळूहळू नाहीशी झाली.

सुरक्षिततेचा प्रश्न

घरगुती ओव्हनांचा प्रसार होऊ लागताच दाराच्या फटीतून बाहेर येणाऱ्या तरंगांविषयी लोकांत भीती निर्माण झाली. सूक्ष्मतरंग हे अणूंचे आयनीकरण करू शकत नाहीत व त्यांनी अन्न किरणोत्सारी होत नाही. तथापि, तीव्र प्रमाणात ते शरीरातील ऊतींनाही अन्नाप्रमाणेच तापवतात. विशेषतः डोळ्यांना त्यापासून इजा होऊ शकते. १९६८ मध्ये अमेरिकेत प्रारण नियंत्रणाचा कायदा संमत झाला. १९७१ मध्ये अंमलात आलेल्या मानकानुसार ओव्हनच्या संपूर्ण आयुष्यात, त्याच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावर प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिवॉटपेक्षा अधिक गळती असू नये अशी मर्यादा ठरली. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद करणारी दुहेरी कुलूपव्यवस्थाही बंधनकारक झाली. त्यामुळे जुन्या ओव्हनच्या बाबतीत दाराची बिजागरे, झडप व कड सुस्थितीत असणे हे शलाका चालू असण्यापेक्षाही अधिक महत्त्वाचे मानले जाते.

वैयक्तिक जीवन

स्पेन्सर यांच्या पत्नीचे नाव लुईस असे होते. या दांपत्याला तीन मुलगे झाले. १९६० मध्ये स्पेन्सर यांनी लिलियन ऑटेनहाइमर यांच्याशी विवाह केला. जंगलात वाढल्यामुळे निसर्गाची व प्राण्यांची आवड त्यांना आयुष्यभर राहिली. मोठ्या पदावर पोहोचल्यानंतरही कारखान्यात जाऊन कामगारांबरोबर प्रत्यक्ष काम करण्याची सवय त्यांनी सोडली नाही.

पुरस्कार व सन्मान

अमेरिकेच्या नौदलाचा विशेष लोकसेवा पुरस्कार.
अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेचे सदस्यत्व.
इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स या संस्थेचे सदस्यत्व.
मॅसेच्युसेट्स विद्यापीठाची विज्ञानातील सन्माननीय डॉक्टरेट पदवी. शाळा अर्धवट सोडलेल्या स्पेन्सर यांना मिळालेली ही विद्यापीठीय पदवी होती.
रेथिऑन कंपनीचे ज्येष्ठ उपाध्यक्षपद व संचालक मंडळाचे सदस्यत्व. कंपनीच्या एका प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.
अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत मरणोत्तर समावेश (१९९९).

मृत्यू व वारसा

८ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी स्पेन्सर यांचे निधन झाले. त्या सुमारास अमेरिकेतील सुमारे १ टक्का घरांतच मायक्रोवेव्ह ओव्हन होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. आपल्या शोधाचा हा प्रसार, तसेच वेळेऐवजी तापमानावर चालणारा ओव्हन पाहण्यास ते हयात नव्हते.

भारतात घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनचा प्रसार मुख्यतः १९९० च्या दशकापासून झाला. महाराष्ट्रातील शहरी घरांत त्याचा उपयोग अन्न गरम करण्याबरोबरच पापड व शेंगदाणे भाजणे, रवा कोरडा भाजणे अशा कामांसाठी होतो. यांतील बहुतेक कामे आजही घड्याळ लावून व मध्येच दार उघडून, हाताने चाचपून केली जातात. सूक्ष्मतरंग तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी १९८४ मध्ये मुंबई येथे समीर ही शासकीय संस्था स्थापन झाली. तिची सुरुवात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून झाली होती. कर्करोगाच्या उपचारासाठी लागणारे रेषीय त्वरक या संस्थेने देशात विकसित केले. अशा त्वरकांतही सूक्ष्मतरंगांची शक्ती पुरवण्यासाठी मॅग्नेट्रॉनचा वापर केला जातो. युद्धकाळात शत्रूची विमाने शोधण्यासाठी हजारोंच्या संख्येने तयार झालेली ही नलिका आज स्वयंपाकघर, कारखाना व रुग्णालय अशा तिन्ही ठिकाणी उपयोगात आहे.